आई हरवलेली मुलं, मुलं हरवलेल्या आया

लग्नाचा बस्ता बांधायचा म्हटलं की कोल्हापूरकडच्या बायकांची पावलं गांधीनगरकडे वळतात. साड्या, ड्रेसची कापडं, चादरी, टॉवेल सगळं घाऊक भावात, एका फेरीत काम आटोपतं. आमचं तळा पडलं रायगड जिल्ह्यात, कोल्हापूरपासून दूर. तरी "ही साडी गांधीनगरची बरं का!" असं कौतुकानं सांगणाऱ्या दोघी-तिघी आमच्या आळीतही निघतील. ही बाजारपेठ फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या निर्वासितांनी कष्टानं उभी केली, हेही पुष्कळजणींना ठाऊक असतं.

पण मैत्रिणींनो, ही सिंधी मंडळी ज्या बराकींत येऊन राहिली, त्या त्यांच्यासाठी बांधलेल्याच नव्हत्या. त्यांच्या आधी जवळजवळ पाच वर्षं तिथं दुसरेच निर्वासित राहून गेले होते. ते आले होते हजारो मैलांवरच्या पोलंड देशातून! १९४३ ते १९४८ या काळात, कोल्हापूर संस्थानातल्या वळिवडे या गावी सुमारे पाच हजार पोलिश माणसांची वसाहत होती. आणि माणसं म्हणजे कोण? बहुतेक सगळ्या बायका आणि मुलं.

शाळेत अर्धवेळ शिकवताना दुसऱ्या महायुद्धाचा धडा दरवर्षी येतो. हिटलर, स्टॅलिन, चर्चिल, अणुबॉम्ब, सगळं पाठ करून घेते. एकदा वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, लढाई पुरुषांनी केली, मग बायका-पोरं कुठे होती?" प्रश्न साधाच, पण पाठ्यपुस्तकात त्याचं उत्तर नाही. ते आपल्या महाराष्ट्राच्या मातीत सापडतं, वळिवड्यात. आणि ते नुसतं दुःखाचं नाही. ज्यांचं सगळं गेलं होतं अशा बायकांनीच दुसऱ्यांच्या पोरक्या मुलांना कसं उभं केलं, त्याची ही हकिगत आहे.

दारावर पडलेली थाप

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला. १७ सप्टेंबरला दुसऱ्या बाजूनं रशियाचं सैन्य आत शिरलं. दोघांनी मिळून देश वाटून घेतला. रशियाच्या ताब्यात गेलेल्या पूर्वेकडच्या भागात १० फेब्रुवारी १९४० पासून हद्दपारीचं सत्र सुरू झालं. भर थंडीत, रात्री-अपरात्री दारावर थाप पडायची. बंदुका घेतलेले शिपाई आत यायचे. निघा! सामान बांधायला कुणाला अर्धा तास, कुणाला थोडा जास्त.

क्षणभर डोळे मिटून विचार करा. अर्ध्या तासात आपल्या संसारातलं काय उचलाल? दागिने? देव? की पीठ-मीठ आणि पांघरुणं? ज्या बायकांनी पीठ, चरबी, लोकरीचे कपडे आणि कात्री-सुई घेतली, त्यांची मुलं तगण्याची शक्यता जास्त होती.

गुरांच्या वाघिणींत कोंबून दोन-दोन, तीन-तीन आठवडे आगगाडीचा प्रवास. पुढे कुणी सैबेरियातल्या जंगलात लाकडं तोडायला, तर कुणी कझाकस्तानच्या उजाड माळावर. अशा चार फेऱ्यांत लाखो माणसं नेली गेली. एप्रिल १९४० च्या फेरीत मुख्यतः कैदेत असलेल्या अधिकाऱ्यांच्या बायका-मुलं होती. त्याच वसंत ऋतूत रशियानं जवळजवळ २२ हजार पोलिश अधिकारी आणि इतर कैद्यांना गोळ्या घालून पुरलं होतं. कातिनच्या जंगलातलं हत्याकांड ते हेच. बायकांना याची गंधवार्ता नव्हती. त्या कझाकस्तानातून नवऱ्याच्या नावानं पत्रं धाडत राहिल्या.

'ह्या मुलाला आई नाही'

१९४१ च्या जूनमध्ये हिटलरनं रशियावरच हल्ला केला आणि डाव पालटला. ३० जुलै १९४१ रोजी रशिया आणि लंडनमधल्या पोलिश सरकारचा करार झाला, कैद्यांची सुटका झाली. जनरल अँडर्स यांच्या हाताखाली पोलिश फौज उभी राहू लागली. ती बातमी कानोकानी पसरली आणि बायका-मुलं दक्षिणेची वाट धरून निघाली. उझबेकिस्तानच्या बाजूला फौजेच्या तळांभोवती माणसांचे लोंढे जमले. पण तिथं अन्न कुठे होतं? त्यात टायफस आणि हगवणीची साथ. सैबेरियाच्या थंडीतून वाचलेली माणसं तिथं येऊन मेली.

फौजेच्या आसऱ्यानं अनाथालयं उघडली होती. तिथल्या मुलांना निदान पोटाला मिळत होतं आणि रशियातून बाहेर जायची संधी आधी मिळणार होती. मग काय झालं असेल? जिवंत आयांनी आपली मुलं अनाथालयाच्या दारात आणून सोडली. 'ह्याला आई नाही' असं सांगून नोंदवली. काहींनी मुलालाच बजावून ठेवलं, कुणी विचारलं तर आई मेली म्हणून सांग.

त्या आईच्या जिवाचं काय झालं असेल, हे सांगायला शब्द शोधण्यात अर्थ नाही. आपलं मूल जगावं म्हणून आपण जिवंतपणी मरायचं! यातल्या काही आया पुढे खरंच गेल्या. काहींना वर्षा-दोन वर्षांनी मुलं भेटली.

गाणारी हांका

त्या गर्दीत एक बाई होती, हांका ऑर्दोनूवना. युद्धापूर्वी पोलंडमध्ये तिला ओळखत नाही असा माणूस सापडला नसता. रेल्वेत नोकरी करणाऱ्या बापाची मुलगी, जन्म वॉर्साचा, १९०२ चा. गाण्यावर आणि नाटक-सिनेमांवर तिनं नाव मिळवलं, एका उमराव घराण्यात लग्न झालं. आपल्याकडे त्या काळी एखाद्या गाणाऱ्या नटीचं जे वेड होतं ना, अगदी तसंच समजा.

युद्ध आलं आणि हे सगळं एका फटक्यात गेलं. आधी जर्मनांनी वॉर्सात तुरुंगात घातलं. सुटका झाल्यावर ती विल्नो शहरी गेली, तर तिथं रशियनांनी पकडून उझबेकिस्तानातल्या सक्तमजुरीच्या छावणीत पाठवलं. क्षयाचा रोग आधीपासून पोखरत होता. १९४१ च्या करारानंतर ती सुटली तेव्हा तिच्याकडे ना आवाज पूर्वीचा राहिला होता, ना प्रकृती.

अशा वेळी एखादीनं काय केलं असतं? नाव मोठं होतं, ओळखी मोठ्या होत्या. आपलं आपण सुरक्षित ठिकाणी जाऊन औषधपाणी घ्यायचं, कुणी दोष दिला नसता. हांका त्या मुलांपाशी थांबली. रस्त्यावर, स्टेशनांवर, सामुदायिक शेतांवर विखुरलेली पोरकी पोलिश मुलं गोळा करायची, त्यांच्या डोक्यातल्या उवा काढायच्या, अंगावर कपडा आणि पोटात घास घालायचा, हे काम तिनं पत्करलं.

इकडे मुंबईत पोलंडच्या वकिलाची बायको होती, कीरा बानासिन्स्का. पोलिश रेडक्रॉसचं काम तिच्याकडे होतं. तिनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी पैसे, कपडे, औषधं जमवली. १९४१ च्या अखेरीला मुंबईहून मालमोटारींचा एक तांडा निघाला, तो क्वेट्ट्यावरून, इराणमधल्या मशहदमार्गे थेट रशियाच्या हद्दीतल्या अश्काबादपर्यंत. जाताना मोटारींत औषधं आणि कपडे, येताना मुलं. वाट डोंगर-वाळवंटांतून, हिवाळ्याचे दिवस. मुलांच्या सोबत हांका होती. १९४२ च्या वसंतात दीडशेहून अधिक मुलं मुंबईला पोहोचली आणि वांद्र्याला त्यांची सोय झाली.

आपल्या वांद्र्याला! आज आपण सिनेनटांचे बंगले बघायला जातो त्याच वांद्र्याला, हाडांचे सापळे झालेली ती मुलं समुद्राच्या वाऱ्यावर उभी होती. पाव दिला की अर्धा खाऊन उरलेला उशीखाली लपवायची, कारण उद्या मिळेल याचा भरवसा नव्हता. उपाशी मुलांची ही सवय मग कित्येक महिने सुटली नाही.

हांकाची प्रकृती ढासळतच गेली. हवापालटासाठी तिला लेबनॉनला नेलं. तिथं अंथरुणावरून तिनं त्या भटक्या मुलांच्या हकिगती लिहिल्या. १९४८ मध्ये बैरूतला ते पुस्तक छापलं गेलं, तेही टोपणनावानं. ८ सप्टेंबर १९५० रोजी ती बैरूतला वारली. वय अवघं सत्तेचाळीस. स्वतःच्या देशाची माती तिला १९९० मध्ये मिळाली, तिचे अवशेष वॉर्साला नेले तेव्हा.

नवानगरचे जामसाहेब

वांद्र्याच्या मुलांना कायमची जागा हवी होती. ती नवानगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी दिली. जामनगरजवळ समुद्रकाठी बालाचडी इथं त्यांनी मुलांसाठी वसाहत उभारली. जुलै १९४२ पासून मुलं तिथं राहू लागली, आणि पुढे आणखी येत गेली. मुलं त्यांना 'बापू' म्हणायची. पोलंडमध्ये आज त्यांची आठवण 'भला महाराजा' म्हणून काढतात.

वर्ष कोणतं होतं ते लक्षात घ्या. १९४२ म्हणजे 'चले जाव'चं वर्ष. १९४३ मध्ये तर बंगालच्या दुष्काळात आपलीच लाखो माणसं अन्नान्न करून मेली. आपल्याच ताटात पुरेसं नव्हतं, तरी या भूमीनं त्यांना पाट मांडला. ही गोष्ट अभिमानानं सांगावी अशी आहे, पण बंगालच्या मुलांची आठवण ठेवून सांगावी, असं मला वाटतं.

वळिवड्याचा संसार

१९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि ऑगस्टमध्ये अँडर्सच्या फौजेबरोबर सुमारे १ लाख १५ हजार माणसं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणमध्ये आली. त्यांत सदतीस हजारांच्या आसपास साधी माणसं, म्हणजे बायका, मुलं, म्हातारे होते. पुरुष फौजेबरोबर पुढे लढाईवर गेले. बाकीच्यांना जगभर पांगवण्यात आलं. कुणी पूर्व आफ्रिकेत, कुणी मेक्सिकोत, कुणी न्यूझीलंडला आणि पाचेक हजार कराचीमार्गे आपल्या वळिवड्याला.

वळिवड्यात बराकींच्या रांगा बांधल्या होत्या. प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र बिऱ्हाड होतं. आणि इथं एक शहाणपणाची गोष्ट झाली. पाच हजारांचा एक भटारखाना घालून सगळ्यांना थाळी घेऊन रांगेत उभं करण्याऐवजी, कुटुंबाला महिन्याचा भत्ता दिला जाई आणि बाईनं आपली चूल आपण पेटवायची. बाजारहाट तिनं करायचा, काय शिजवायचं ते तिनं ठरवायचं. तीन वर्षं दुसऱ्यांनी वाढलेल्या पातळ पेजेवर जगलेल्या बाईला, 'आज आपल्या घरी काय करू?' हा प्रश्न पडणं म्हणजे केवढं सुख! आपण रोज त्याच प्रश्नानं वैतागतो, नाही का?

कोल्हापूरचे भाजीवाले, फेरीवाले वसाहतीत येत. बघता बघता ते मोडकंतोडकं पोलिश बोलू लागले, मुलं मराठी शब्द उचलू लागली. बराकींपुढे बायकांनी फुलझाडं लावली. साप-विंचवांना भिणं, पावसाळ्यात कपडे न वाळणं, हे सगळं त्यांनाही चुकलं नाही.

वसाहतीत शाळा होत्या, अगदी बालवाडीपासून वरच्या वर्गांपर्यंत. दवाखाना होता, चर्च होतं, नाटकं होत होती, बालवीर आणि वीरबालांची पथकं होती. ज्यांना क्षयानं धरलं होतं त्यांच्यासाठी पाचगणीला आरोग्यधाम होतं. अनाथ मुलांसाठी वसाहतीतच अनाथालय होतं. १९४६ मध्ये बालाचडीची वसाहत बंद झाली तेव्हा तिथली मुलंही वळिवड्यालाच आली.

जखमेवर कामाचं औषध

आता मला जे सांगायचं आहे ते इथं आहे. ह्या शाळेत शिकवत कोण होतं? दवाखान्यात रात्रपाळी कोण करत होतं? अनाथालयात मुलांचे केस कोण विंचरत होतं? कपडे कोण शिवत होतं? त्याच बायका! बाहेरून आलेल्या पगारी परोपकारी बायका नव्हेत. स्वतः सैबेरियातून आलेल्या, कुणी रस्त्यात मूल पुरून आलेल्या, कुणी नवऱ्याचा ठावठिकाणा नसलेल्या.

वसाहत सुरू होत होती त्याच सुमाराला, एप्रिल १९४३ मध्ये कातिनच्या सामुदायिक कबरी सापडल्याची बातमी जगभर झाली. वळिवड्यातल्या कित्येकींचे नवरे, भाऊ, बाप त्या छावण्यांत होते. नावांच्या याद्या येत होत्या. यादीत नाव दिसलं तर संसार संपला, नाही दिसलं तर वाट पाहणं सुरूच. रशियानं आपला गुन्हा कबूल केला तो १९९० मध्ये! म्हणजे तिशीतली विधवा ऐंशीची होईपर्यंत तिला सरळ उत्तर मिळालं नव्हतं.

पण सकाळी शाळेची घंटा व्हायची आणि बाईंना वर्गात उभं राहावं लागायचं. पुस्तकं अपुरी. मग आठवेल ते फळ्यावर लिहायचं, मुलांनी ते उतरवून घ्यायचं. दोन-तीन वर्षं शाळा बुडालेली. जंगलात लाकडं तोडलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला लहान मुलांबरोबर बसवून मुळाक्षरं शिकवायची, तीही त्याला लाज न वाटेल अशा बेतानं. मी शिक्षिका आहे म्हणून सांगते, हे काम साधं नाही.

बालवीर-वीरबालांच्या पथकांना घडवणाऱ्यांत एक तरुण होता, झ्जिस्वाव पेशकोव्स्की. ज्या छावणीतले कैदी कातिनला नेऊन मारले, त्याच छावणीतून वाचलेल्या थोडक्यांपैकी तो एक. साथीदार मारले गेले आणि आपण वाचलो, हे ओझं घेऊन तो मुलांना शेकोटीभोवती गाणी शिकवत होता. पुढे तो धर्मोपदेशक झाला आणि २००७ मध्ये वारला, तोवर कातिनमध्ये गेलेल्यांच्या कुटुंबांची साथ त्यानं सोडली नाही.

आणखी एक नाव सांगायलाच हवं, वांदा दिनोवस्का. ती १९३५ पासूनच भारतात होती. गांधीजींनी तिचं नाव ठेवलं उमादेवी. वळिवड्याच्या मुलांना तिनं भारत दाखवला, इथली माणसं, इथल्या गोष्टी समजावून सांगितल्या; नाहीतर बराकींच्या कुंपणाबाहेरचा देश त्यांना परकाच राहिला असता. तिच्या ग्रंथमालेच्या कामात तिचा सोबती होता मॉरिस फ्रीडमन हा पोलिश अभियंता; आपल्या औंध संस्थानात लोकांच्या हाती कारभार देण्याचा जो प्रयोग झाला, त्यात त्याचा वाटा होता. युद्धानंतर उमादेवी पोलंडला राहायला परतली नाही. १९५९ नंतर तिबेटी निर्वासित आले तेव्हा, सत्तरी ओलांडलेली ही बाई त्यांच्या मुलांसाठी धावली. १९७१ मध्ये तिनं म्हैसूरला देह ठेवला.

म्हणजे बघा, एका देशातून उखडलेल्या माणसाला दुसऱ्या उखडलेल्याची वेदना न सांगता कळते.

त्या बायकांचं दुःख कामानं नाहीसं झालं असं मी म्हणणार नाही. ते खोटं होईल. पण दुसऱ्याच्या मुलाची वेणी घालताना हात थरथरायचे थांबतात. 'बाई, माझं बटण तुटलं' म्हणून कुणी येतं, तेव्हा अंथरुणातून उठावंच लागतं. मुलाला आई मिळाली एवढंच नाही, बाईलाही सकाळी उठायला कारण मिळालं.

परत कुठे जायचं?

युद्ध संपलं, पण ह्या बायकांची परीक्षा संपली नाही. त्यांची घरं ज्या पूर्व पोलंडमध्ये होती, तो भागच रशियाला जोडला गेला. १९४५ च्या जुलैमध्ये ब्रिटिशांनी लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ज्या सरकारच्या पैशानं वसाहत चालत होती तेच उरलं नाही. मग आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांनी भार घेतला.

ह्यांचे पुरुष इटलीत लढले होते. १८ मे १९४४ रोजी माँटे कसीनोचा डोंगर पोलिश फौजेनं घेतला. त्याच इटलीत आपल्या मराठा पलटणीही लढत होत्या. आमच्या शेजारच्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात लढताना पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे, येता-जाता आम्ही बघतो. ते पदक त्यांच्या तरुण विधवेच्या हातात दिलं गेलं. कुठे पळसगाव, कुठे पोलंड! पण एकाच लढाईनं दोन्हीकडच्या चुली विझवल्या.

जिवंत राहिलेल्या पोलिश सैनिकांना इंग्लंडमध्ये स्थायिक होऊ दिलं, तेव्हा वळिवड्यातल्या पुष्कळ बायका-मुलं तिकडे गेली. काही ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेला, काही पोलंडला. १९४८ मध्ये वसाहत रिकामी झाली. काही जणी मात्र गेल्याच नाहीत, त्यांच्या कबरी कोल्हापुरात आहेत. रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबं शिरली आणि वळिवड्याच्या मातीनं दुसऱ्यांदा निर्वासितांना पोटाशी धरलं.

इथली मुलं म्हातारी झाली तरी हे गाव विसरली नाहीत. त्यांनी आपली संघटना केली, आठवणींचं जाडजूड पुस्तक काढलं. १९९८ मध्ये कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ उभा राहिला. वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे; २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान मोदी पोलंडला गेले तेव्हा त्यांनी तिथं फुलं वाहिली.

आपल्या दारापर्यंत

तुम्ही म्हणाल, युद्ध, सैबेरिया, पोलंड. याचा आपल्या संसाराशी काय संबंध? आहे ना. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं. तळ्यातही कौलं-पत्रे उडाले, पिढ्यानपिढ्यांची झाडं आडवी झाली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातलं तळीये दरडीखाली गेलं, ऐंशीहून अधिक माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी गाडली गेली. आईबाप गमावलेली मुलं आणि मुलं गमावलेल्या आया आपल्याच जिल्ह्यात आहेत. संकट आलं की आपण जुन्या साड्यांचं गाठोडं बांधतो, तांदूळ-डाळ देतो. ते हवंच. पण वळिवड्याच्या बायकांकडून आणखी चार गोष्टी शिकता येतील.

पहिली: बाईला तिची चूल परत द्या. तयार डबे पहिले चार दिवस पुरेत. नंतर स्टोव्ह, भांडी, शिधा आणि चार पैसे तिच्या हाती पडू द्या. काय रांधायचं ते तिला ठरवू द्या.

दुसरी: मुलांची शाळा लवकरात लवकर सुरू करा. घंटा, पाढे, खेळाचा तास, ह्या ठरलेल्या गोष्टींनी घाबरलेलं मूल सावरतं. भावंडांची ताटातूट होऊ देऊ नका.

तिसरी: खोदून खोदून विचारू नका. 'कसं गं झालं?' म्हणून आपण कळवळ्यानंच विचारतो, पण सांगणाऱ्याची खपली निघते. तिला वाटेल तेव्हा ती बोलेल. तेव्हा मात्र हातातलं काम बाजूला ठेवून ऐका. झोप उडाली, जेवण सुटलं, मूल मुकं झालं, असं आठवड्यामागून आठवडे चाललं तर डॉक्टरांचा सल्ला घ्या. यात लाजण्यासारखं काही नाही.

चौथी: पोरकं मूल दिसलं म्हणून दया येऊन कुणी परस्पर घरी नेऊ नये. हेतू कितीही चांगला असो, मुलाचे नातलग शोधत असतील. १०९८ ह्या मुलांच्या मदत क्रमांकावर कळवावं, जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे मुलाला न्यावं. नातेवाईक सांभाळणार असतील तर त्यांना हातभार म्हणून सरकारची बालसंगोपन योजना आहे, तिची माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचवणं हेही मोठं काम आहे. अर्ज भरून देणं आपल्यासारख्या शिकलेल्या बायकांना काय कठीण आहे?

आणि शेवटचं. जिच्यावर आभाळ कोसळलं आहे तिला आपण 'बिचारी' म्हणून कोपऱ्यात बसवतो. हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही यावर कुजबुजतो. तसं करू नका. तिला बालवाडीत मदतीला बोलवा, बचत गटाचा हिशेब तिच्याकडे द्या, शिवणाचं मशीन मिळवून द्या. तिला काय येतं ते आधी विचारा. हांका अर्धी संपलेली असताना मुलांसाठी उभी राहिली. वळिवड्याच्या बायका नवऱ्याचं नाव यादीत शोधून येऊन वर्गावर जात होत्या. मोडलेलं माणूस दुसऱ्याला सावरू शकतं, एवढा विश्वास आपण तिच्यावर ठेवला, तर तिला तो कोणत्याही गाठोड्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.